देवीची मूर्ती पायापासून वर बघत जा

देवळात गेल्यावर आपली नजर आधी देवीच्या चेहऱ्यावर जाते. नथ, मळवट, डोळे बघून हात जोडले जातात, तेवढ्यात मागून रांगेचा रेटा येतो आणि आपण पुढे सरकतो. बाहेर आल्यावर कुणी विचारलं, 'देवीच्या हातात काय काय होतं?' तर सांगता येत नाही. दर्शन झालेलं असतं, त्यात उणं काही नाही. पण ज्याने ती मूर्ती घडवली त्याने हातांत, पायाशी, मुकुटावर जे सांगून ठेवलंय ते ऐकायचं राहून जातं, आणि याची मला फार हळहळ वाटते. शाळेत मी चित्रकला शिकवत होते. आता आमच्या भजनी मंडळातल्या बायकांबरोबर देवीच्या ठिकाणांना जाते आणि गाडीत त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे. मूर्ती पायापासून वर बघत जायची. पायाशी कथा कळते, हातांवरून रूप कळतं, मस्तकावर आणखी एखादी खूण असते. चेहरा शेवटी. या क्रमाने पाहिलेली देवी लक्षात राहते आणि पुढच्या वेळी ओळखीची वाटते.

सराव घरच्या देव्हाऱ्यात करा. तिथे गर्दी नाही, घाई नाही, आणि बहुतेक मराठी घरांत अन्नपूर्णा असतेच. लग्नाच्या दिवशी मुलगी गौरीहर पुजते तेव्हा याच अन्नपूर्णेवर चिमूट चिमूट तांदूळ वाहते आणि मग तिला घेऊन सासरी जाते. वर्षानुवर्षं रोज जिला आंघोळ घातली तिच्या हातात काय आहे, असं मी बायकांना विचारते तेव्हा पुष्कळ जणी थबकतात. पळी असते. शस्त्र नाही, वाहन नाही, मांडी घालून बसलेली आणि पळी धरलेली. एवढ्या एका खुणेवरून ती अन्नपूर्णा ठरते. तिच्या हातातून पळी काढून वीणा दिली तर त्याच मूर्तीला आपण सरस्वती म्हणू. मूर्ती ओळखण्याचं सगळं शास्त्र या एवढ्याशा पितळी देवीत सापडतं.

त्यानंतर टाक घ्या. कुलदेवीचा चांदीचा टाक रोजच्या घासण्याने इतका झिजतो की नुसता चकचकीत पत्रा दिसतो. तो नीट दिसावा यासाठी दोन उपाय आहेत. एक म्हणजे निरांजन समोर न धरता बाजूला, टाकाच्या उंचीवर ठेवायचं. तिरपा उजेड पडला की उठावाच्या कडा सावली धरतात आणि हात, पाय, आयुधं वेगवेगळी दिसू लागतात. दुसरा उपाय चित्रकलेच्या वर्गातला आहे. पूजा झाल्यावर टाक कोरडा करून त्यावर पातळ कागद ठेवा आणि मऊ पेन्सिल आडवी धरून हलकेच फिरवा. कागदावर आकृती उमटते. माझ्या सासूबाईंच्या टाकाचा असा ठसा मी काढला तेव्हा देवीच्या पायाशी रेडा आणि बाजूला सिंह स्पष्ट उमटले. घरात सगळे तिला नुसतं 'देवी' म्हणत. ठसा बघितल्यावर ती महिषासुरमर्दिनी आहे हे मुलांनाही कळलं. टाकावर घोडा असेल, घोड्यावर पुरुष आणि स्त्री दोघं बसलेली असतील, खाली कुत्रा असेल, तर तो खंडोबा-म्हाळसेचा टाक. तोही वेगळा ओळखून ठेवा, कारण घरातले सगळे टाक एकाच ताम्हनात असतात आणि नवी सून गोंधळते.

आता एक नियम पक्का करायचा. मूर्तीचं उजवं-डावं हे मूर्तीचं असतं, आपलं नाही. ती आपल्याकडे तोंड करून उभी असते, म्हणून तिचा उजवा हात आपल्या डावीकडे येतो. पुस्तकात 'उजव्या हातात गदा' वाचून लोक उलट्या बाजूला शोधतात आणि पुस्तक चुकलंय म्हणतात. मनातल्या मनात देवीच्या शेजारी, तिच्याच दिशेला तोंड करून उभं राहायचं, म्हणजे घोळ होत नाही.

हात मोजायचे ते तिच्या खालच्या उजव्या हातापासून. तिथून वरचा उजवा, मग वरचा डावा, मग खालचा डावा. म्हणजे आपण जशी प्रदक्षिणा घालतो तशीच नजर फिरते. ही सोय कुणी अलीकडच्या अभ्यासकाने काढलेली नाही. दुर्गासप्तशतीच्या शेवटी 'रहस्य' नावाची जी छोटी प्रकरणं आहेत त्यांतल्या वैकृतिक रहस्यात अठरा हातांच्या देवीची आयुधं सांगण्याआधी स्पष्ट म्हटलंय, 'आयुधान्यत्र वक्ष्यन्ते दक्षिणाधःकरक्रमात्', खालच्या उजव्या हातापासून क्रमाने सांगतो. आपल्या घरात नवरात्रात सप्तशतीचा पाठ होतो, पण ही ओळ पाठ करताना कुणी वर मान करून मूर्तीकडे बघत नाही. बघावं. पोथी आणि मूर्ती एकमेकींसाठीच आहेत.

पायाशी काय आहे?

पायाशी रेडा असला की ती महिषासुरमर्दिनी, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण तेवढ्यावर थांबू नका. कथेतला कोणता क्षण आहे ते शोधा. इथे थोडं सविस्तर सांगते, कारण मला सगळ्यात जास्त आनंद इथेच मिळतो.

सप्तशतीच्या तिसऱ्या अध्यायात महिषासुर एका रूपात टिकत नाही. रेडा होऊन तो खुरांनी आणि शिंगांनी गणांचा संहार करतो. देवी पाश टाकून त्याला बांधते, तर तो सिंह होतो. सिंहाचं डोकं तोडावं तोवर तो खड्ग घेतलेला माणूस होतो. त्याला बाणांनी विंधलं तर हत्ती होऊन देवीच्या सिंहाला सोंडेने ओढू लागतो. ती सोंड तोडते, तर पुन्हा रेडा. मग देवी मधुपान करते, तिचे डोळे लाल होतात, आणि ती म्हणते, 'गर्ज गर्ज क्षणं मूढ मधु यावत्पिबाम्यहम्'. गर्ज मूर्खा, मी मध पिते आहे तोवर गर्ज. एवढं बोलून ती उडी मारून त्याच्यावर चढते, पायाने मान दाबते आणि शूल मारते. तो दाबलेल्या रेड्याच्या तोंडातून आपल्या खऱ्या रूपात बाहेर पडू बघतो, पण अर्धाच बाहेर येऊ शकतो. पोथीतला शब्द 'अर्धनिष्क्रान्त' असा आहे. त्या अर्ध्या अवस्थेत ती खड्गाने त्याचं शिर उतरवते.

आता मूर्ती बघा. नुसता चार पायांचा रेडा आहे, देवी त्याला मागच्या बाजूने उचलून धरते आहे आणि डोक्यावर पाय देऊन त्रिशूळ खुपसते आहे, अशी मांडणी असेल तर घडण जुन्या पद्धतीची. मध्य प्रदेशात विदिशेजवळ उदयगिरीच्या सहा क्रमांकाच्या लेण्यात बारा हातांची देवी या प्रकारची आहे, आणि त्या लेण्यातला लेख गुप्त काळातला, इसवी सन ४०१-४०२ चा आहे. धड माणसाचं आणि डोकं रेड्याचं असेल, तो अजून पायांवर उभा असेल, तर लढाई चालू आहे. महाबलीपुरमच्या मंडपातलं सातव्या शतकातलं शिल्प असं आहे. देवी सिंहावर बसून धनुष्य ओढते आहे, आणि हातात गदा घेतलेला महिष मागे रेलतो आहे. आणि रेड्याच्या मानेतून माणूस अर्धा बाहेर आलेला दिसला, रेड्याचं तुटलेलं डोकं खाली पडलेलं दिसलं, तर तो 'अर्धनिष्क्रान्त' शब्द दगडात उतरलेला आहे. पुढच्या काळात हीच मांडणी फार आवडली आणि दुर्गापूजेच्या मातीच्या मूर्तींतही तीच दिसते.

क्षण सापडला की बाकीचं आपोआप उलगडतं. डाव्या हातातली वाटी कशाला, असं बायका विचारतात. ते पानपात्र आहे, त्या मधुपानाचं. एका हातात राक्षसाचे केस का धरलेत? कारण पुढचा वार मानेवर आहे. पाठीला भाता का? कारण मघाशी माणसाच्या रूपातल्या महिषाला तिने बाणांनी विंधलं होतं.

तुळजापूरच्या भवानीकडे या नजरेने बघा. आठ हात, आणि परंपरेने त्यांत त्रिशूळ, बिचवा म्हणजे छोटा वाकडा खंजीर, बाण, चक्र, शंख, धनुष्य, पानपात्र आणि दैत्याची शेंडी असल्याचं सांगतात. उजव्या पायाखाली महिषासुर, जवळ सिंह, पाठीला भाता, मुखाच्या दोन बाजूंना चंद्र-सूर्य. सबंध तिसरा अध्याय एवढ्याशा काळ्या दगडात बसवलाय. मूर्ती जेमतेम तीन फुटांची, पण आयुधांची गर्दी कुठे अंगावर येत नाही. शिल्पकाराची ही ताकद मला दर वेळी नव्याने जाणवते.

आयुधं कुणी दिली हे लक्षात ठेवा

आयुधं पाठ करायचा सोपा मार्ग म्हणजे दुसरा अध्याय गोष्टीसारखा वाचणं. देवांच्या तेजातून देवी घडली. शंकराच्या तेजाने मुख, विष्णूच्या तेजाने बाहू, यमाच्या तेजाने केस, अग्नीच्या तेजाने तीन डोळे, संध्येच्या तेजाने भुवया. मग प्रत्येकाने आपलं काहीतरी दिलं. शंकराने त्रिशूळ, कृष्णाने म्हणजे विष्णूने चक्र, वरुणाने शंख आणि पाश, अग्नीने शक्ती, वायूने धनुष्य आणि बाणांनी भरलेले भाते, इंद्राने वज्र आणि ऐरावताच्या गळ्यातली घंटा, यमाने दंड, प्रजापतीने अक्षमाला म्हणजे जपमाळ, ब्रह्मदेवाने कमंडलू, काळाने खड्ग आणि ढाल, विश्वकर्म्याने परशू, कुबेराने पानपात्र, हिमालयाने सिंह. क्षीरसागराने हार, कुंडलं, नूपुरं, बोटांतल्या अंगठ्या दिल्या. मला ही यादी फार जवळची वाटते. घरातल्या लेकीला लढायला पाठवताना प्रत्येक नातेवाइकाने आपलं हातातलं काढून द्यावं तशी ती आहे. कोणतं आयुध कुणाचं हे कळलं की ते नुसतं शस्त्र राहत नाही.

ओळखताना काही जोड्या फसवतात, तेवढ्या सांगते. पानपात्र उथळ, वाटीसारखं. कमंडलूला तोटी किंवा मूठ असते आणि पोट फुगीर असतं. गदेचं टोक जड, दंड सरळसोट. शक्ती म्हणजे एका टोकाचा भाला, त्रिशूळाला तीन टोकं, वज्राला दोन्हीकडे टोकं. पाश म्हणजे दोरीचा फास, तो झिजला की सापासारखा दिसतो. साप असेल तर फणा शोधा. आणि हातात गोल फळ असेल तर ते बहुतेक वेळा म्हाळुंग, म्हणजे लिंबाच्या जातीचं मोठं फळ असतं.

सप्तशृंगीला हे सगळं उपयोगी पडतं. वणीच्या गडावरची देवी अठरा हातांची आहे, डोंगराच्या कड्यातच घडलेली. तिची आयुधं रहस्यातल्याच क्रमाने सांगितली जातात. उजवीकडे खालून वर अक्षमाला, कमळ, बाण, खड्ग, वज्र, गदा, चक्र, त्रिशूळ, परशू. डावीकडे वरून खाली शंख, घंटा, पाश, शक्ती, दंड, ढाल, धनुष्य, पानपात्र, कमंडलू. नऊ आणि नऊ. गडावर जायच्या आदल्या रात्री हा क्रम मी बायकांकडून तालावर म्हणून घेते, टाळ्या वाजवून. तिथे रांग सरकत असते, शोधायला वेळ मिळत नाही. आधी पाठ असलं तर नजर बरोबर जागेवर जाते. २०२२ साली देवीच्या अंगावरचं शेंदराचं जाड कवच उतरवून मूर्तीचं जतन करण्यात आलं. तेव्हापासून रूप कितीतरी ठसठशीत दिसतं. ज्यांनी आधी पाहिलंय त्यांनी पुन्हा जावं. मान किंचित कललेली आहे तीही बघा. समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी पुराण सांगताहेत आणि देवी ते ऐकते आहे, असं गडावरचे लोक सांगतात.

कोल्हापूर

इथे येताना मनातली लक्ष्मी थोडी बाजूला ठेवा. कमळात बसलेली, हातातून नाणी सांडणारी लक्ष्मी कॅलेंडरवर असते. अंबाबाई उभी आहे, मागे सिंह आहे, आणि हात चार. आपला प्रदक्षिणेचा क्रम लावा. खालच्या उजव्या हातात म्हाळुंग, वरच्या उजव्यात गदा, वरच्या डाव्यात ढाल, खालच्या डाव्यात पानपात्र. आता प्राधानिक रहस्यातली ओळ म्हणा: 'मातुलुङ्गं गदां खेटं पानपात्रं च बिभ्रती'. एक शब्द मागेपुढे नाही. पुढची ओळ सांगते की तिच्या मस्तकावर नाग, लिंग आणि योनी आहेत. पोथीत ही महालक्ष्मी म्हणजे सगळ्याच्या आधीची, त्रिगुणमयी आद्य देवी. ब्रह्मा-विष्णू-शंकर आणि त्यांच्या शक्ती तिच्यापासून पुढे आल्या. सप्तशतीतल्या ज्या मध्यम चरित्रात, म्हणजे मधल्या भागात, महिषासुराचा वध आहे त्याचीही देवता महालक्ष्मीच. म्हणून इथे सिंह आहे, ढाल आहे, आणि म्हणूनच अंबाबाई ही विष्णूची पत्नी की शिवाची, या वादात मी पडत नाही. मूर्ती स्वतःच उत्तर देते आहे. ते ऐकावं.

अडचण अशी की रोजच्या दर्शनात यातलं फारसं दिसत नाही. साडी, दागिने, किरीट, हार. हे अलंकार देवीच्या थाटाचेच आहेत, त्यांना नावं ठेवू नयेत. फक्त अलंकाराच्या वेळी मूर्तिशास्त्र शोधायला जाऊ नये. अभिषेकाच्या वेळा प्रत्येक देवस्थानाच्या ठरलेल्या असतात, त्या आधी विचारून घ्या. वस्त्रालंकाराविनाचं दर्शन काही ठिकाणी लांबून होतं, काही ठिकाणी पडदा असतो. पडदा असेल तिथे हट्ट करू नका. देवस्थानाच्या कार्यालयात निजरूपाचा फोटो बहुधा लावलेला असतो, तो शांतपणे बघा आणि मग रांगेत उभे राहा. डोक्यात आकृती असली की साडीच्या घोळाआडही गदा कुठे टेकलीय ते जाणवतं.

पायापासून वर बघण्याचा क्रम कोल्हापुरात सूर्यही पाळतो. देऊळ पश्चिमाभिमुख आहे. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी हे किरणोत्सवाचे परंपरागत दिवस. मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात, पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी कमरेच्या वर, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. ढग, धूळ, वाटेतली बांधकामं यांमुळे दर वर्षी तो पूर्ण होतोच असं नाही, पण त्या दिवसांत जमलं तर संध्याकाळी पोचा. आणि दर्शन झाल्यावर लगेच चप्पल शोधायला जाऊ नका. देवळाला बाहेरून फेरी मारा. भिंतींवर चौसष्ट योगिनींच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मूर्ती आहेत, नाचणाऱ्या आणि वाद्यं वाजवणाऱ्या स्त्रिया आहेत. उन्हं कलल्यावर त्या उठून दिसतात, भर दुपारी सपाट वाटतात.

अलंकारालाही स्वतःची भाषा असते, ती तुळजापूरला शारदीय नवरात्रात ऐकावी. तिथे ठरावीक दिवशी रथ अलंकार, मुरली अलंकार, शेषशाही अलंकार, भवानी तलवार अलंकार आणि महिषासुरमर्दिनी अलंकार अशा पूजा मांडतात. मूर्ती तीच, पण मांडणी बदलते आणि कथाही बदलते. भवानी तलवार अलंकारात देवी शिवाजी महाराजांना तलवार देताना दिसते. बरोबर लहान मुलं असतील तर त्यांना आधी सांगू नका. 'आज देवी काय करते आहे?' एवढंच विचारा आणि त्यांना ओळखू द्या. तुळजापूरची मूर्ती चल आहे. वर्षातून तीनदा तिला पलंगावर निद्रेसाठी नेतात, भाद्रपदात घोरनिद्रा, दसऱ्यानंतर श्रमनिद्रा, पौषात शाकंभरी नवरात्राआधी मोहनिद्रा. त्या काळात गेलात तर सिंहासनावर ती नसते. पंचांग बघून निघा.

हात नसलेली देवी

माहूरला आपला सगळा क्रम थांबतो. रेणुकेचं नुसतं मुख आहे. पाय नाहीत, हात नाहीत, वाहन नाही. याला तांदळा म्हणतात. शेंदूर, मोठे डोळे, मळवट, आणि मुखात विडा. कथा अशी सांगतात की परशुराम आईवडिलांना कावडीत घालून माहूरला आला, तिथे जमदग्नींवर अंत्यसंस्कार झाले आणि रेणुका सती गेली. पुढे आईच्या ओढीने तो व्याकूळ झाला तेव्हा ती जमिनीतून वर येईल, पण मागे वळून पाहू नकोस, असं त्याला सांगितलं गेलं. त्याला राहवलं नाही, त्याने वळून पाहिलं, आणि तोवर वर आलेलं मुख तेवढंच राहिलं. इथेही मूर्तीत एक क्षण धरलेला आहे, फक्त तो मुलाच्या बाजूने घडला आहे. तांदळा बघताना डोळ्यांवर थांबा, कपाळावरचा मळवट किती रुंद आहे तो बघा, विडा बघा. प्रसादाला कुटलेला तांबूल मिळतो तो खाऊनच खाली उतरा.

घरच्या नवरात्रातला घट हीसुद्धा अशीच हात नसलेली देवी. परडीत किंवा पत्रावळीवर काळी माती, तीत मिसळलेलं धान्य, मधोमध पाण्याने भरलेला घट, वर रोज चढणारी एक माळ, शेजारी अखंड दिवा. नऊ दिवसांत मातीतून हिरवे-पिवळे कोंब वर येतात. हीही मूर्तीच समजा आणि खालूनच बघा. माती, बी, पाणी, मग फूल. ज्येष्ठागौरींच्या वेळी काही घरांत मुखवटे असतात, काही घरांत नदीवरून आणलेले खडे, कोकणात तेरड्याची रोपं. आमच्याकडे खड्यांच्याच गौरी असतात. त्या गरीब घराच्या असतात असं कुणी म्हटलं की मला राग येतो. तांदळ्याइतकंच ते पूर्ण रूप आहे.

लेण्यांत जाल तेव्हा

वेरूळला जाताना एक लक्षात ठेवा. मंगळवार देवीचा वार म्हणून निघालात तर लेणी बंद असतात. कैलासात, म्हणजे सोळा क्रमांकाच्या लेण्यात शिरलं की समोरच गजलक्ष्मी आहे, कमळांच्या तळ्यात बसलेली, हत्ती कुंभांनी पाणी घालताहेत. घाई करणारे तिला ओलांडून पुढे पळतात. चौदा क्रमांकाच्या 'रावण की खाई'त प्रदक्षिणेच्या वाटेवर सप्तमातृका, म्हणजे सात मातृदेवता, बसल्या आहेत. चेहऱ्यांवरून त्या ओळखू येत नाहीत, सगळ्या सुंदर, सगळ्यांना मुकुट. आसनाखाली बघा. हंस दिसला की ब्राह्मी, नंदी दिसला की माहेश्वरी, मोर कौमारी, गरुड वैष्णवी, हत्ती इंद्राणी. वाराही तोंडावरून कळते, पण जिथे तिलाही माणसाचं तोंड दिलंय तिथे वाहनच कामी येतं. चामुंडा मात्र लांबूनच ओळखता येते, हाडांचा सापळा, खोल गेलेलं पोट, पायाशी प्रेत. एकवीस क्रमांकाच्या रामेश्वर लेण्यात मगरीवर उभी असलेली गंगा शोधा. मकर म्हणजे गंगा, कासव म्हणजे यमुना, ही खूण कुठल्याही जुन्या देवळाच्या दारावर चालते.

बरोबर एक शंभर पानी वही आणि पेन्सिल असावी. मोबाइलमध्ये फोटो काढला की नजर सुटते. रेघ काढताना हात मोजावेच लागतात. चित्र चांगलं यायची गरज नाही. उभी काडी, तिला जितके हात तितक्या रेघा, प्रत्येक रेघेच्या टोकाला आयुधाचं नाव, खाली वाहन, वर मुकुटात काय ते. गाभाऱ्यात वही उघडू नका, सभामंडपात येऊन बसा आणि आठवून काढा. जे आठवत नाही ते बघायला पुन्हा रांगेत उभं राहायचं.

शेवटी आपल्याच गावच्या शिवेवरच्या देवीबद्दल. विहिरीच्या किंवा ओढ्याच्या काठी शेंदूर फासलेले सात दगड असले की त्या साती आसरा, त्यांना पाण्याचीच ओढ. पडक्या देवळाच्या दारात हातपाय झिजलेली एखादी मूर्ती टेकवून ठेवलेली असते. तिथेही तोच क्रम. पायाशी रेड्याचं शिंग उरलंय का, सिंहाचं शेपूट उरलंय का, किती हातांची खोडं दिसतात. सकाळी किंवा संध्याकाळी जा, तिरपा उजेड मिळतो. घासून स्वच्छ करायला ब्रश, आम्ल, साबण काही लावू नका. तेल-रंगाचा हात तर मुळीच नको, कारण रंगाखाली कोरीव काम बुजतं. हललेली असेल तरी स्वतः उचलून दुसरीकडे नेऊ नका. जागा बदलली की ती कुठल्या देवळाची होती हे सांगणारा पुरावा जातो. मातीत नव्याने मूर्ती निघाली तर तहसील कार्यालयाला किंवा पुरातत्त्व विभागाला कळवा. तोवर वहीत गावाचं नाव, तारीख, तोंड कुठल्या दिशेला, उंची किती विती, हात किती आणि गावातल्या म्हाताऱ्या बायका तिला कोणत्या नावाने हाक मारतात ते लिहून ठेवा. शिल्पावरून दुसरंच नाव निघालं तरी त्यांना दुरुस्त करायला जाऊ नका. दोन्ही नावं लिहा.